पाय उचला

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नेला एकदाचा! गिऱ्हाईक माझ्या ट्रॅक्टरवर बसलं आणि पहिला गियर असा टाकला की गिअरबॉक्स किंचाळला. बावीस वर्षं मी त्या गाडीला असा आवाज करू दिला नव्हता. आणि आमची फेथ गेटात उभी राहून म्हणते, "पप्पा, टाटा करा की!" टाटा! एकतीस वर्षांची बाई!

विकला कारण नव्या डाळिंबाच्या ओळीत तो मावत नाही. झाडं दाट लावायची अक्कल हिचीच. रांजणगावच्या कंपनीत सात वर्षं क्वालिटीत होती, दोन वर्षांपूर्वी सोडून आली, म्हणे शेती करते. करते म्हणजे वहीत लिहिते. आता छोटा घ्यायचा. घेऊ. चोवीस एचपीचा, गियरवाला. माझं ठरलंय. तिला अजून सांगितलं नाही, पण त्यात सांगायचं काय आहे? या घरात ट्रॅक्टर मीच चालवतो.

आणखी एक गोष्ट. ही फक्त इथेच.

संध्याकाळी विहिरीवरून आलो, ओट्यावर पाय धुवायला बसलो, तर डाव्या पायात चप्पल नाही. कुठे निघाली, माहीत नाही. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, रक्त वाळलेलं — आणि मला पत्ता नाही! काटा चिमट्याने ओढला तरी काही वाटलं नाही. शिरूरचा डॉक्टर दर खेपेला विचारतो, पायाला मुंग्या येतात का, बधिर वाटतं का. मी नाही म्हणतो. शुगरची गोळी घेतो तेवढं पुरे.

क्लच डाव्या पायाने दाबतात. हे कुणाला कळलं तर उद्यापासून मला खुर्चीत बसवतील आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवतील. ते मी होऊ देणार नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

चप्पल सकाळी दारात होती. धुतलेली. साखरबाईचा उद्योग असणार — आमच्याकडे खुरपायला येते, डोळे चारी बाजूंना. तिला चांगलं झापलं, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही म्हणून. "म्या कुठं लावला, दादा?" म्हणते. खोटारडी!

फेथ दिवसभर दौंडला. कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

तर यासाठी दौंड!

जेवताना ताटाच्या शेजारी छोट्या ट्रॅक्टरचा रंगीत कागद ठेवला. बुकिंगही करून आलीय म्हणे. हायड्रोस्टॅटिक. क्लच नाही, गियर बदलायचे नाहीत. उजव्या पायाखाली एक पेडल. पुढे दाबलं की पुढे, टाचेने मागे दाबलं की मागे. पाय उचलला की जागेवर थांबतो. शिवणयंत्र!

मी म्हणालो, "हे काय आहे?"

"पप्पा, आधी ऐका तरी." आणि वही उघडली. फवारणी करताना दाट झाड आलं की गाडी हळू करावी लागते. गियरवाल्यात क्लच दाबला की मागचा फवारणीचा ब्लोअरही मंद पडतो, औषध पानांच्या आत जात नाही. पेडलवाल्यात इंजिन तेवढ्याच जोरात, ब्लोअर तेवढ्याच जोरात, फक्त चाल कमी. ओळीच्या टोकाला वळताना मागे-पुढे करायला नुसता पाय हलवायचा. "दिवसात चारशे-पाचशे वेळा क्लच दाबता तुम्ही. मोजलंय मी."

मोजलंय! बांधावर बसून बापाचे पाय मोजते!

मी सांगितलं, की ओढायला दम नाही त्यात. ट्रॉली भरून चढाला लावली की घाम फुटेल. तेल महाग. मशीन दीड लाखाने महाग. बिघडलं तर न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत एक मिस्त्री हात लावणार नाही. गियरवाला कुठलाही मिस्त्री झाडाखाली खोलतो. यातलं एक तरी खोटं आहे का? नाही. तिनेही खोटं म्हटलं नाही. म्हणाली, "ट्रॉली आपण वर्षात किती वेळा ओढतो?"

ताट सरकवून उठलो.

खरं कारण तिने सांगितलं नाही, पण मला समजतं. पेडलवाला कुणालाही चालवता येतो. फेथला येतो, साखरबाईलाही येईल. मग सॅमसन कशाला हवा?

शनिवार, ११ जानेवारी

मांडवगणात चहाला आनंदराव भेटला. माजी सरपंच, हजार टन ऊस, आणि गावात कुणी काय घ्यावं यावर मत ठरलेलं. फेथच्या नादाने त्यानेही त्याच मशीनचं बुकिंग केलंय! "पोरगी हुशार हाय तुझी, सॅमसन. आमच्या पृथ्वीराजला बी ॲटोमॅटिकच पायजे. म्हणला, आबा, मोबाईलवर बोलता बोलता चालवता येतंय."

पृथ्वीराज म्हणजे त्याचा नातू. बघा, कुणाच्या लायकीचं मशीन आहे ते.

बुधवार, १५ जानेवारी

भांडलो. लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "तुला मला खाली उतरवायचंय. इवा असती तर तुझी हिंमत झाली नसती." आईचं नाव काढायला नको होतं. तीन वर्षं झाली तिला जाऊन.

फेथ भांडी घासत होती. पाठ वळवलेलीच. म्हणाली, "शनिवारी शोरूमचा माणूस डेमोला येतोय. तुम्ही एकदा बसा त्याच्यावर. मग नाही म्हणा. मी परत बोलणार नाही."

बसतो. बसून नाही म्हणतो.

शनिवार, १८ जानेवारी

क्रमाने लिहितो.

दहाला टेम्पोतून मशीन आलं. डेमोवाला भारत नावाचा, चाळिशीचा, शर्टाच्या पाठीवर कंपनीचं नाव, तोंडात सतत "काका". बघायला आनंदराव, पृथ्वीराज आणि आणखी दहा-बारा रिकामटेकडे. भारतने दोन ओळी चालवून दाखवल्या. मग मला बसवलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, डावा पाय निवांत ठिवा. त्याला कामच न्हाई. ब्रेक डाव्या अंगाला हाय, पण तो बी लागायचा न्हाई. थांबायचं आसलं की फकस्त उजवा पाय उचला."

डावा पाय निवांत! मला वाटलं टोमणा मारतोय. पस्तीस वर्षं ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला पाय कुठे ठेवायचा ते शिकवतो!

पहिली ओळ गेली. खरं सांगायचं तर चांगली गेली. लोण्यासारखी. ब्लोअर एका सुरात, झाडाजवळ आलं की पाय सैल, झाड गेलं की पाय खाली. दुसऱ्या ओळीत मी शीळ घालत होतो हे मला नंतर आठवलं.

ओळीच्या टोकाला शेततळं. तिथे फेथ मोबाईल धरून उभी. फोटो काढायला ती ओळीत आली, अगदी पुढ्यात. आणि मी दोन्ही पाय दाबले.

पस्तीस वर्षं हेच केलंय. समोर माणूस आलं, कुत्रं आलं, की डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर, दोन्ही खाली. डोक्याला विचारावं लागत नाही. पण या मशीनवर डाव्या पायाखाली नुसता पत्रा. आणि गियरवाल्यात जिथे ब्रेक असतो तिथे याचं पेडल. मशीनने उडी मारली. थांबेना म्हणून मी आणखी जोरात दाबलं. जेवढं दाबावं तेवढं पळतंय! भारत बाजूने धावत ओरडत होता, "काका, पाय उचला! पाय उचला!" मी ऐकलं. शब्द कानावर पडले. पण जीव वाचवायचा तर पाय दाबायचा, उचलायचा नाही, हेच पायाला माहीत.

फेथने डाळिंबाच्या झाडात अंग टाकलं. तीन झाडं मोडली. पुढे चाकाखाली दगड आला, मी सीटवरून उडालो, पाय सुटला — आणि मशीन जागच्या जागी उभं. तळ्याच्या तारेपासून हातभर.

जागच्या जागी! पाय सुटल्याबरोबर!

भारत आला. पहिल्यांदा फेथला उठवलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काका, उजवा पाय—"

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "मशीन आपोआप पळालं!" मी ओरडलो. "पाय काढला होता मी! सगळ्यांनी बघितलंय! माझी पोरगी मेली असती!" आईबापावरून शिव्या दिल्या. आनंदरावाने माझा दंड धरला. भारतने मशीन टेम्पोत चढवलं आणि गेला.

फेथच्या हाताला काट्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत फाडलंय. मांडवगणच्या डॉक्टरने पाच टाके घातले. तिने जवळून बघितलंय. माझा उजवा पाय तिच्या समोरच होता.

रविवार, १९ जानेवारी

उपासनेत साक्षीची वेळ आली. आठवड्यात देवाने कुणासाठी काही केलं असेल तर उभं राहून सांगायचं, ही आमची रीत. पाळकसाहेबांना कुणीतरी आधीच सांगितलेलं. त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. "सॅमसनभाऊ, तुमच्या घरावर मोठं संकट आलं होतं म्हणे."

उभा राहिलो. आणि सांगितलं. मी पाय काढला तरी मशीन थांबलं नाही, कसं सैतानासारखं सुटलं, माझी एकुलती एक लेक समोर, आणि परमेश्वराने एक दगड आडवा ठेवला. दगडाचं एवढं खरं. बाया रडल्या. लोक आमेन, आमेन म्हणाले. महिला मंडळाची दबोराबाई पुढच्या बाकावरून मोबाईल धरून सगळं टिपत होती.

फेथ माझ्या शेजारी. हाताला पांढरी पट्टी. गीतांचं पुस्तक उघडं, नजर त्यात. आमेन म्हणाली नाही.

खोटं बोलू नये हे संडे स्कूलमध्ये पहिल्या वर्गात शिकवतात. पण मी काय करायला हवं होतं? भर चर्चमध्ये सांगू, की मला आता गाडी कळत नाही?

गुरुवार, २३ जानेवारी

फेथने स्वतःहून सांगितलं, "पेडलवाला रद्द केला. तुमचा गियरवाला बुक केलाय. त्याच शोरूममध्ये, पैसे वळते करून."

जिंकलो. वाद नाही, वही नाही. तिच्या तोंडाकडे बघून अंगाची लाही होते. भांडली असती तर बरं झालं असतं. मनात राखून ठेवतेय, कधीतरी काढेल.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आनंदरावानेही त्याचं बुकिंग रद्द केलं. भेटला तेव्हा पाठ थोपटली. "तुझी साक्ष आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर आलीय लेका! कुठनं कुठनं फोन येत्यात मला. दौंड तालुक्यात बी फिरतीय. लई जणांचा जीव वाचवलास."

दबोराबाई! देवाच्या घरातली गोष्ट साखर कारखान्याच्या ग्रुपवर कशाला?

शनिवार, ८ फेब्रुवारी

आला. चार पुढचे गियर नीट पडतात, आवाज खणखणीत. क्लच पेडलावर पाय ठेवला.

म्हणजे ठेवला असावा. खाली वाकून बघितलं तेव्हा कळलं, पाय पेडलाच्या शेजारी होता.

सवय होईल.

रविवार, ९ फेब्रुवारी

सत्यानाश!

उपासनेनंतर चर्चच्या कंपाउंडात ट्रॅक्टरसाठी समर्पणाची प्रार्थना. बॉनेटला झेंडूची माळ, पाळकसाहेबांनी स्टिअरिंगवर हात ठेवून आशीर्वाद मागितला. आनंदरावही मुद्दाम आलेला, फेटा बांधून. मग सगळे म्हणाले, सॅमसनभाऊ, एक चक्कर मारा.

क्लच दाबला, पहिला टाकला, हळूहळू सोडायला लागलो — पाय सटकला. सटकलेला कळला नाही. ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांवर नाचल्यासारखा झाला आणि समोरच्या नळाच्या खांबाला जाऊन भिडला. खांब आडवा. पाण्याचं कारंजं! पोरं टाळ्या पिटायला लागली. पाळकसाहेबांचा पांढरा झगा चिंब.

"क्लच कडक आहे नवीन," मी म्हणालो. सगळे हसले. आनंदराव म्हणाला, "आरं, ह्यो बी आपोआप पळाला का काय?" तो गमतीत म्हणाला. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

फेथने धावत जाऊन कॉक बंद केला. जखमेची पट्टी नुकतीच निघालेली, साडी भिजलेली. माझ्याकडे वर बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडे. मी पाय आत ओढला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन ओळी फवारल्या. प्रत्येक झाडाला खाली बघावं लागतं, पाय क्लचवर आहे की नाही. खाली बघितलं की फांदी तोंडावर. क्लच दाबला की ब्लोअर सुस्कारा टाकतो आणि औषध नुसतं पानांच्या कडेला. तिने वहीत लिहिलं होतं तसंच! अगदी तसंच, शब्द न् शब्द. याचाच जास्त राग येतो.

तिसऱ्या ओळीला उतरलो. सांगितलं, नोझल चोंदलंय.

फेथने नोझल काढलं, उजेडात धरलं, फुंकलं. स्वच्छ होतं. "हो, चोंदलंय," म्हणाली.

मग ती आणि साखरबाई पाइप ओढत हाताने फवारत राहिल्या, अंधार पडेपर्यंत. मी शेडमध्ये बसून होतो. झाडांना फुलं लागलीत, फवारणी चुकून चालत नाही. गियर तिला येत नाही. मीच कधी शिकवला नाही. मागायची, लहानपणापासून मागायची. मी म्हणायचो, हे बायकांचं काम नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आनंदराव सहज बोलून गेला. "त्यो डेमोवाला भारत, त्याला काढला म्हणं शोरूमनं. सात बुकिंगा गेल्या त्यांच्या. डेमो नीट दिला न्हाई, त्याच्यामुळं नाव गेलं, म्हणत्यात. आता शिक्रापूरला गोडाऊनवर माल भरतोय."

मी म्हणालो, "मला काय त्याचं!"

घरी येऊन जेवलो नाही. पित्त झालं असेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सहा दिवस झाले. डोळा लागला की तेच — पाय उचला, पाय उचला. तो ओरडत धावत होता मशीनच्या बाजूने, स्वतः चाकाखाली आला असता. आणि मी त्याच्या आईवरून शिवी दिली.

शोरूमच्या कागदावर त्याचा नंबर होता. दुपारी विहिरीवर जाऊन लावला. मागे ट्रकचे हॉर्न.

"कोण?"

"मी सॅमसन. मांडवगणचा. डाळिंबवाला."

हॉर्नचा आवाज थांबला. मला वाटलं फोन कट झाला.

"बोला, काका."

काय बोलणार? मी म्हणालो, कसे आहात. मूर्खासारखं! कसे आहात!

"माझी पोरगी तिसरीला हाय," तो म्हणाला. "शाळेतनं आली, म्हणली, पप्पा, तुमच्या मशीननं बाई मरणार हुती का? मास्तरांच्या मोबाईलवर बघितलं तिनं तुम्हाला. देवळात उभं ऱ्हाऊन बोलत हुता."

"भारत, मी—"

"मला बी बोलता आलं आसतं, काका. मालकाम्होरं लई काय बोलता आलं आसतं. न्हाई बोललो. आता परत फोन करू नका."

काय बोलणार होता? काय माहीत होतं त्याला? मशीन विकणारा माणूस! रागाने हे लिहिलं, आणि आता लिहून झाल्यावर राग कुणाचा ते समजत नाही.

नाही, समजतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

उभा राहिलो.

पाळकसाहेबांनी विचारलंही नव्हतं. साक्षीची वेळ संपवून ते पुढच्या गीताचा नंबर सांगत होते. मी म्हणालो, "माझी आहे." म्हणालो, गेल्या महिन्यात मी इथे जे सांगितलं ते खोटं होतं. मशीन पळालं नाही, मी पळवलं. थांबवायला दाबायची सवय, ते मशीन पाय उचलला की थांबतं. तो माणूस ओरडून सांगत होता. मी पाय उचलला नाही. वरून त्याच्यावर ढकललं, तेही इथे, या जागेवर उभं राहून. त्याची नोकरी गेली. त्याचं नाव भारत.

कुणी आमेन म्हणालं नाही. मी दबोराबाईला म्हणालो, "बाई, हे पण टिपा. त्या ग्रुपवर टाका." तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. या खेपेला एकाही माणसाचा मोबाईल वर आला नाही.

मग मीच माझा काढला आणि पाळकसाहेबांच्या हातात दिला. पुन्हा सगळं बोललो, पहिल्यापासून. त्यांनी मोबाईल तिरका धरला, चित्र वाकडं आलंय. संध्याकाळी आनंदरावाला पाठवलं आणि शोरूमच्या मालकाला पाठवलं. आनंदरावाचा लगेच फोन. "आरं, येडा का खुळा तू? माझी गावात काय इज्जत ऱ्हायली? माझ्या ग्रुपवर मी आता काय टाकू?" मी म्हणालो, हेच टाका. त्याने फोन आपटला. चाळीस वर्षांची ओळख.

डाव्या पायाचं मात्र कुणाला सांगितलं नाही. सवय म्हणालो, तेवढंच. ते अजून माझं आहे.

फेथच्या स्कूटरवर मागे बसून घरी आलो. मला वाटलं आता तरी बोलेल, आता तरी सुनावेल. नदीच्या वळणावर म्हणाली, "पप्पा, चर्चचा नळ बसवायला माणूस सांगायचाय."

एवढंच! एवढं सगळं बोललो आणि हिला नळ दिसतो! माणूस आहे की दगड!

सोमवार, २४ फेब्रुवारी

शोरूमच्या मालकाचा निरोप: व्हिडिओ बघितला, भारतशी बोलतो. भारतचा काही निरोप नाही. यायलाही नको.

बुधवार, २६ फेब्रुवारी

फेथला क्लच शिकवायला घेतला. अकरा वेळा गाडी बंद पाडली. मी बांधावरून ओरडतोय, ती दात खाऊन पुन्हा चालू करतेय. "सोड! हळू! हळू म्हणजे हळू!" बाराव्या वेळी निघाली. मी लगेच तोंड फिरवलं. खूश दिसू नये म्हणून.

तिला येईल. आठ दिवसांत माझ्यापेक्षा नीट येईल. मग मी खुर्चीत. तिला जे पाहिजे होतं ते मीच माझ्या हाताने दिलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दौंडहून ट्रॅक्टरच्या आरसीचं पाकीट आलं. तळाशी पिनेला लावलेला तिचा जुना फॉर्म, पेडलवाल्याचा, रद्दचा शिक्का मारलेला. 'चालवणार कोण' या रकान्यात मी तिचं नाव शोधत होतो. तिच्या अक्षरात माझं नाव आहे. खाली एक ओळ: 'पप्पांच्या डाव्या पायाला कळत नाही. मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका. क्लच नसलेलाच द्या, म्हणजे त्यांना चालवता येईल.' फॉर्म घेणाऱ्याची सही — भारत. त्यालाही माहीत होतं, आणि तो शेवटपर्यंत बोलला नाही.

तारीख ७ जानेवारी, चप्पल दारात सापडली तो दिवस. चप्पल साखरबाईने धुतली नव्हती.